क्योतोचे यासाका मंदिर फोटोपुरते उरकू नका

महोदय,

जपानला जाणारे मराठी पर्यटक वाढले आहेत, म्हणून हे पत्र. क्योतोत आमच्या सहलीने यासाका मंदिराच्या लाल दरवाजाशी फोटोपुरता थांबा घेतला आणि मंडळी गेइशा, म्हणजे तिथल्या पारंपरिक नर्तकी-गायिका, शोधत शेजारच्या गिओन वस्तीच्या गल्ल्यांत पांगली. आत देव कोणता, हे कुणी सांगितलेच नाही. मी इतिहास शिकवत आले आहे. मला ते फार लागले. सहल संपल्यावर पुतणीकडे ओसाकाला राहिले आणि ३१ जुलैला पुन्हा गेले.

हा देव सुसानोओ, वादळाचा. बहीण आमातेरासू, म्हणजे सूर्यदेवी, हिच्या भातखाचरांचे बांध त्याने फोडले. ती रुसून गुहेत शिरली, जग अंधारले आणि याला स्वर्गातून हाकलले. पुढे इझुमो प्रांतात त्यानेच आठ तोंडांच्या सर्पाला दारू पाजून मारले आणि कुशिनादाहिमेला वाचवले. तीही इथे त्याच्यासोबत पुजली जाते. १८६८ पर्यंत इथे गोझु तेन्नो या नावाने पूजा चाले आणि तो बुद्धाच्या जेतवन विहाराचा रक्षक मानला जाई. आपल्या श्रावस्तीचे जेतवन! सम्राट मेइजीच्या नव्या सरकारने शिंतो हा जपानचा मूळ धर्म आणि बौद्ध धर्म वेगळे केले, तेव्हा मंदिराचे नाव यासाका झाले. सध्याची मुख्य वास्तू १६५४ची आहे.

दरवाजातून आत गेल्यावर लगेच लागणारे ‘एकी’ नावाचे छोटे मंदिर तर कुणी पाहतच नाही. ते सोमिन शोराईचे. वाटसरू होऊन आलेल्या या देवाला श्रीमंत भावाने दारातून परत पाठवले, गरीब सोमिनने राळ्याचा भात वाढला. पुढे साथ आली तेव्हा सोमिनचे घर वाचले. ८६९ साली साथीत देशाच्या प्रांतांइतके ६६ भाले उभारून देवाला साकडे घातले गेले, त्यातून आजचा गिओन उत्सव आला. महिनाभराच्या या उत्सवाची सांगता ३१ जुलैला याच छोट्या मंदिरापाशी होते. तोरीला, म्हणजे मंदिरापुढच्या कमानीला, गवताचे मोठे कडे बांधतात. म्हाताऱ्या बायका, बाळाला कडेवर घेतलेले बाप, सगळे रांगेने त्यातून जातात. मीही गेले. मागच्या साथीत गेलेली माझ्या घरची माणसे तेव्हा आठवली.

सहल आयोजकांना विनंती, इथे निदान अर्धा तास द्या आणि सोमिनची गोष्ट सांगा. आणि गिओनच्या खाजगी गल्ल्यांत दहा हजार येन दंडाच्या पाट्या लागल्या आहेत, त्या पर्यटकांना आधीच वाचून दाखवा.

– एक निवृत्त शिक्षिका