काडेपेटी ओट्यावर काढून ठेवणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

तुमच्या तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "काय जी मॅडम, याच्यात काय झालं" म्हणता आणि गोष्ट धानाच्या तुडतुड्याकडे वळवता. म्हणून हे उघडं पत्र. तुमची नात वाचून दाखवेलच. तिला मोठ्यानं वाचायला सांगितलंय, कारण डाव्या कानानं तुम्हाला हल्ली कमी येतं. तुमचं नाव घातलेलं नाही, ते तुम्हाला खपलं नसतं. पण लाखनी-साकोलीकडच्या ज्याला कळायचं त्याला कळेल.

आमचा बाबू ओहायोत असतो हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. ग्रीन कार्ड हातात आल्यावर त्याला पिस्तुलाच्या नेमबाजीचा नाद लागला. ऑफिसातली माणसं सुट्टीच्या दिवशी रेंजवर जातात, त्यांच्यासोबत हाही जाऊ लागला. तोवर मी गप्प होते. मग एका फोनवर म्हणाला, "आई, काडतुसं आता मी घरीच भरणार." तिकडे स्वतःपुरती भरायला वेगळा परवाना लागत नाही म्हणे. वापरलेली पितळेची पुंगळी पुन्हा पुन्हा कामी येते, आणि काडतुसात सगळ्यात महाग असते ती पुंगळीच. हिशेब त्यानं बरोबर मांडला होता. भंडारा जिल्ह्यातल्या बाईला पितळ वाया घालवू नये हे वेगळं पटवावं लागत नाही. पण बारूद? माझा मुलगा ज्या खोलीत झोपतो तिच्या शेजारच्या खोलीत?

मी शाळेत विज्ञान शिकवते. ज्वलनाला काय काय लागतं ते दरवर्षी फळ्यावर लिहिते. बारुदीला बाहेरची हवा लागत नाही, तिचा ऑक्सिजन तिच्या पोटातच असतो, हेही मला माहीत होतं. एवढं माहीत असलं की झोप आणखीच लागत नाही.

त्यात त्यानं एका म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या घरचं जुनं सामान स्वस्तात उचललेलं. तिकडे माणूस गेला की घरच्या वस्तू अंगणात मांडून विकतात. काडतुसं भरायचं दाबयंत्र म्हणजे प्रेस होती, तराजू होता, आणि एक प्लास्टिकची बरणी. आत करडे दाणे, वर चिकटपट्टी, आणि पट्टीवर पेननं लिहिलेलं अर्धं पुसलेलं नाव.

काकाजी, तुमच्याकडे येण्याआधी आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. एका लग्नाच्या पंगतीत "मॅडमचा पोरगा अमेरिकेत बाँब बनवून राहिला म्हणे" असं म्हणून माणसं हसली. माझ्याच पानावर वाढणाऱ्यानं ते मला ऐकवलं. नात्यातल्या एका शहाण्यांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. रानडुकराच्या नावानं वर्षातून एखादा बार काढतात, तेवढ्यावर ते बारुदीचे जाणकार. त्यांनी बाबूला फोनवर सांगितलं, "थोडी थोडी टाकून पाय, आवाजावरून समजते." आवाजावरून! माझ्या मुलाच्या हाताची बोटं पणाला लावून हे आवाज ऐकणार होते. आणि तिकडचे त्याचे ओळखीचे तर त्याहून थोर. बरणीचा फोटो पाहून एकानं बारुदीचं एक नाव सांगितलं, दुसऱ्यानं दुसरंच. दोघंही ठाम. एकानंही "मला माहीत नाही" म्हटलं नाही. या तीन शब्दांची एवढी टंचाई आहे हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आयुष्य काढलंत. तिथं काय बनतं ते आम्ही शेजारी असून कधी नीट विचारलं नाही, तुम्हीही कधी सांगितलं नाही. मी विचारायला आले तेव्हा तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, हसला नाहीत आणि घाबरवलंही नाही. "सकाळी येतो, पोराले जागा राहू द्या," एवढंच म्हणालात.

आपली सकाळ म्हणजे तिकडची आदल्या दिवसाची रात्र. तुम्ही आलात तेव्हा व्हिडिओ कॉल आधीच लागलेला होता, फोन दाराकडे तोंड करून तांब्याला टेकवलेला. तुम्ही पायरीशी थांबलात. बंडीच्या खिशातून काडेपेटी काढलीत, बिडीचा कट्टा काढलात, दोन्ही बाहेर ओट्यावर ठेवलंत, खिसे वरून चाचपलेत आणि मग आत आलात.

मी म्हटलं, "काकाजी, बारूद ओहायोत आहे."

"असू द्या. बारुदीचं बोलणं हाये."

मला वाटतं तुमच्या हातांनी ते आपोआप केलं. कारखान्याच्या गेटवर इतकी वर्षं काडेपेटी आत जाऊ देत नव्हते, ती सवय निवृत्तीनंतरही खिशात राहिली असेल. पण बाबूनं ते पाहिलं. आधी तो हसला. मग हसू थांबलं. त्याच्या मागं फळीवर वास येणारी मेणबत्ती जळत होती, ती त्यानं उठून फुंकली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही कितीतरी दिवस त्याला समजावत होतो, बाप रागावला, मी रडले, बहिणीनं बातम्या पाठवल्या. त्यातल्या कशानंही त्याचा हात हलला नव्हता. काकाजी, पुढं तुम्ही जे शिकवलंत ते मोलाचं आहेच, पण मला विचाराल तर माझा मुलगा त्या मिनिटाला सुधारला.

मग तुम्ही विचारलंत, "टेबलावर डबे किती हायेत?" तीन होते. "एक ठेव. बाकीचे कपाटात." का, तर दोन डबे उघडे असले की एका डब्यातली उरलेली बारूद दुसऱ्यात जायला एक डुलकी पुरते. आणि ती कधीच परत वेगळी करता येत नाही.

बरणीचा निकाल तुम्ही झटक्यात लावलात. दाणे सारखे दिसले म्हणून बारूद सारखी नसते. दिसायला जुळ्या बहिणी, पण एक भर्रकन जळते, दुसरी सावकाश, कारण दाण्यावरचा लेप वेगळा असतो. कारखान्याच्या मूळ डब्यात नसलेली बारूद कोणाचीच नसते, असं तुम्ही म्हणालात. बाबू म्हणाला, वास तर काही वाईट नाही. तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "मॅडमले इचार." खरंच, ते मला सांगता येण्यासारखं होतं. या बारुदीतलं मुख्य द्रव्य नायट्रोसेल्युलोज, ते आपलं आपण हळूहळू कुजतं. त्याला आवर घालायला डायफेनिलअमाइनसारखं द्रव्य मिसळतात. ते संपत आलं की आम्लाचा उग्र वास येतो, लालसर तपकिरी वाफ दिसते. पण वास चांगला असला तर एवढंच कळतं की ती अजून कुजली नाही. ती कोणती आहे ते वासावरून कळत नाही. विज्ञानाच्या बाईचा मान तुम्ही असा मध्येच राखलात, तेही मी विसरलेले नाही. बरणीचं पुढं काय करायचं ते तिथल्या अग्निशमन दलाला विचारून कर, म्हणालात, आणि त्यानं तसंच केलं.

बारूद निवडायची वेळ आली तेव्हा तो नावं वाचत गेला. बुल्सआय, युनिक, टाइटग्रुप, एचपी-38. बुल्सआय 1898 पासून बनते हे त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हे नाव मले समजत नाही बाबू." बघा, ते तीन शब्द आले! मग विचारलंत, मापात किती जागा घेते? पुंगळी अर्धी भरते की तळाशीच राहते?

त्याच्या सगळ्या गोंधळाची किल्ली या एका प्रश्नात होती. पिस्तुलाची बारूद झटपट जळणारी, लागते फारच थोडी. एखादी बारूद इतकी दाट असते की एका पौंडात ढीगभर काडतुसं होतात. स्वस्त पडते म्हणून नवखे तीच उचलतात. पण लक्ष चुकून तीच मात्रा त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पडली तरी ती आत मावते, आणि वरून गोळी बसली की कोणालाच दिसत नाही. फुलारलेली, जास्त जागा घेणारी बारूद असेल तर दुसऱ्या मात्रेला ती काठावरून सांडते. चूक झाली तर ती डोळ्यांना दिसावी अशी बारूद घे, हे तुमचं सांगणं. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात दाब प्रति चौरस इंच 35,000 पौंडांपर्यंत धरलेला असतो, हे बाबूनं वाचून दाखवलं. आपल्या गाडीच्या चाकात 35 च्या आसपास हवा असते. त्या आकड्यावर आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आणि हा सुरक्षित हद्दीतला दाब. दुप्पट मात्रेचा नव्हे.

यंत्राच्या बाबतीत तुम्ही फार बोलला नाहीत. त्याचा डोळा दांडा ओढला की दर वेळी एक तयार काडतूस देणाऱ्या मोठ्या प्रेसवर होता. तुम्ही त्याला जुन्यातली साधी, एका वेळी एकच काम करणारी ठेवायला लावलीत. भरलेल्या पुंगळ्या भोकांच्या ठोकळ्यात उभ्या कर, दिव्याखाली धर, सगळ्यांची पातळी डोळ्यानं पाहा, मगच गोळी बसव. कारण कमी पडली तरी घात: गोळी नळीतच अडकते आणि मागून दुसरी सुटली की नळी फुटते. तराजूचं मात्र तुम्ही धरून ठेवलंत. तिकडे ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराची एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन, असं तुम्ही बोटाच्या पेरावर दाखवलंत, तेव्हा चुकायला किती कमी जागा आहे ते मला कळलं. तराजू तपासायची वजनं वेगळी घे, आणि पंखा बंद कर. मात्रेचा आकडा त्यानं तुमच्याकडून काढायचा प्रयत्न केला. तुम्ही दिला नाहीत. "ज्यानं बारूद बनवली त्याचं छापील पुस्तक पाय. त्यातल्या खालच्या आकड्यापासून चाल. फोनवरच्या पोराचं ऐकू नोको, माझंही नोको." त्या शहाण्यांनी हे वाक्य पाठ करावं.

जाताना एक गोष्ट तुम्ही त्याला ऐकवलीत. आपल्याकडे हे घरी करता येत नाही, 1959 च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. तिकडे कायदा तुझ्या मागं उभा नाही, म्हणून तूच तुझ्या मागं उभा राहा. हे ऐकताना तो पोरगा नव्हता वाटत, नव्या खात्यात रुजू झालेला माणूस वाटत होता.

काकाजी, 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरला स्फोट झाला त्या दिवशी तुम्ही फोन हातात धरून अंगणात बसला होतात, हे मी आमच्या गच्चीवरून पाहिलं होतं. तेव्हा यायला हवं होतं की एकटं राहू द्यायला हवं होतं, अजून मला ठरवता येत नाही. नायट्रोग्लिसरीनच्या खात्यातल्या माणसांचं सुट्टीनंतर सोमवारी डोकं कसं ठणकायचं, हे तुम्ही बाबूला गमतीत सांगितलंत. शरीराला त्या द्रव्याची सवय असते, सुट्टीत ती मोडते, आणि पहिल्या दिवशी पुन्हा सगळं नव्यानं. तो हसला. मी नाही हसले. या देशाच्या बंदुकांत जी बारूद जाते ती अशा दुखऱ्या डोक्यांनी बनवलेली असते आणि आम्ही तुमच्या कारखान्याला फक्त "पक्की नोकरी" म्हणून ओळखत आलो.

चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं अशी आमची समजूत झाली आहे. शाळेच्या कार्यक्रमात त्यावर मीच भाषणं दिली आहेत. तुम्ही गोड काही बोलला नाहीत. बाबूला एकदा चांगलं झापलंतही, तो कॉफीचा कप टेबलावर ठेवायला गेला तेव्हा. पण एखाद्याचं काम आपलंच समजून त्याच्या जागी स्वतःला उभं करणारी माणसं कमी असतात. पंगतीत हसणारी पुष्कळ. तुम्हाला त्या पोराकडून काही मिळणार नव्हतं. तुम्ही चहासुद्धा बिनसाखरेचा घेता.

आता कामाचं. बाबू पुढच्या सुट्टीत येतोय. आल्यावर पहिला तुमच्याकडेच येईल, त्यानं वहीत प्रश्न लिहून ठेवले आहेत, कंटाळा आला तर हाकलून द्या. आणि कानाचं टाळू नका. भंडाऱ्याला दाखवायचं आहे, गाडी आमची आहे, शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी निघू. नातीला सोबत घ्या, म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते घरी खरं खरं सांगायला कोणीतरी असेल.

तुमची शेजारीण,
शाळेतली मॅडम