आधी ग्राइंडर, मग मशीन

पुणे

प्रिय मंगेश,

सप्रेम नमस्कार. एस्प्रेसो मशीन घ्यायचं ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा सविस्तरच लिहितो.

बजेट ठरलं की त्यातून ग्राइंडरचे पैसे आधी बाजूला काढ, उरलेल्यात मशीन बघ. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. एस्प्रेसोत साधारण ९ बार दाबाचं, ९०-९६ अंशांचं पाणी कॉफीच्या घट्ट थरातून जातं. १८ ग्रॅम पावडरीतून २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरली पाहिजे, आणि हे सगळं दळणावर अवलंबून असतं. दळण जाड झालं की धार भसाभस येते, रंग लगेच फिका पडतो आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. फार बारीक झालं तर थेंब थेंब गळते आणि कडूजहर होते. मिक्सरमध्ये पीठही होतं आणि कणीही उरते, त्यामुळे त्यावर भागणार नाही. एस्प्रेसोइतकं बारीक दळणारा 'बर' ग्राइंडरच हवा, म्हणजे दोन दातेरी भागांमध्ये बिया एकसारख्या दळणारा. हाताने फिरवायचा घेतलास तरी चालेल, स्वस्तही पडेल.

खोक्यावरच्या '१५ बार', '२० बार'ला भुलू नकोस. तो पंपाचा कमाल दाब असतो. १९६१ साली फाएमा या इटालियन कंपनीच्या ई-६१ मशीनने हाताने ओढायच्या दांड्याऐवजी पंप आणला, तरी कॉफीला लागणारा दाब ९ बारच्या आसपासच राहिला. त्यापेक्षा बास्केट, म्हणजे पावडर भरायची जाळीदार वाटी, कुठली मिळते ते विचार. दुहेरी तळाच्या बास्केटमधून कसल्याही पावडरीचा फेस येतो, पण दळण बरोबर आहे की नाही ते कळतच नाही. साधी बास्केट बसतेय ना, याची खात्री करून घे. बास्केट बसवायचं हँडल ५८ मिलिमीटरचं असेल तर उत्तम, टॅम्पर (पावडर दाबायचा ठोकळा) वगैरे सहज मिळतात.

तुम्ही दोघंच दूधवाली कॉफी पिता, तेव्हा एका बॉयलरचं मशीन पुरे. एस्प्रेसो काढल्यावर दूध फेसाळायच्या वाफेसाठी थोडं थांबावं लागतं, इतकंच. दुहेरी बॉयलरवर खर्च करू नकोस. तुमचं बोअरचं जड पाणी मात्र टाकीत अजिबात ओतू नकोस, बॉयलरमध्ये क्षार साठतात.

बिया चिकमगळूरच्या घे किंवा आणखी कुठल्या, पाकिटावर भाजल्याची तारीख असलीच पाहिजे.

सेलमध्ये घाईने काही उचलण्याआधी मला मॉडेल कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर