आई-बाबा, ठेकेदारीचा परवाना मिळाला

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

घरं बांधण्याचा परवाना माझ्या नावावर झाला. फोनवर सांगितलं तेव्हा आई, तू लगेच हरखलीस. बाबांनी मात्र एकच विचारलं, "म्हणजे काही झालं तर तुलाच धरणार ना?" बाबा, हो, मलाच धरणार. फोनवर घाईघाईत हे नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या साइटवर सुपरवायझर होते. काम माझ्या डोळ्यांदेखत व्हायचं, पण शेवटचा शब्द माझा नसायचा. काँक्रीटचंच घ्या. ओतताना ते घट्ट वाटलं की कुणीतरी त्यात पाण्याचा पाइप सोडतं. माल भराभर पसरतो, अंगमेहनत वाचते. पण सिमेंटच्या मानाने पाणी वाढलं की ताकद उतरते. जादा पाणी नंतर उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या राहतात. डफ अब्राम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८ सालीच हे प्रयोगांनी दाखवून दिलंय, तरी पाइप काही थांबत नाही, कारण वरून बघून काही कळत नाही. त्याच काँक्रीटचे चाचणीसाठी केलेले ठोकळे, म्हणजे क्यूब, २८ दिवसांनी दाबून फोडले की खरं काय ते समजतं, आणि तोवर वरचं काम चढलेलं असतं. मी पाइप बंद करायला लावायचे आणि वरचे म्हणायचे, "जाऊ दे, उशीर होतोय." आता माझ्या साइटवर तो निर्णय माझा. मला परवाना हवा होता तो यासाठी.

परवान्याचे नियम जागोजागी वेगळे असतात. साधारणपणे अनुभवाचे दाखले, लेखी परीक्षा, विमा आणि पुष्कळ ठिकाणी जामीन एवढं लागतं. कागदपत्रं जमवणं कंटाळवाणं होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. परीक्षेत मात्र बांधकामाइतकंच बाकीचं होतं: करार कसा लिहायचा, मालकाने मधेच काम बदलायला सांगितलं तर ते कागदावर कसं घ्यायचं, हिशेब, कामगारांची सुरक्षितता. नियमांचं पुस्तक जवळ ठेवता येत होतं, पण कुठलं कलम कुठे आहे ते माहीत नसेल तर पुस्तकाचा काही उपयोग नाही. रात्र रात्र मी सूचीच वाचत बसायचे.

त्या अभ्यासातलं एक डोक्यातून जात नाही. पायासाठी चर खणतात ना, त्यातली एक घनमीटर माती दीड टनापर्यंत किंवा त्याहूनही जास्त भरते. ती छातीपर्यंत जरी अंगावर आली तरी माणसाला श्वास घेता येत नाही. म्हणून बऱ्याच देशांत साधारण दीड मीटरच्या पुढे खोल गेलं की बाजूंना आधार देणं किंवा उतार ठेवणं सक्तीचं आहे. तरीही "दहा मिनिटांचंच काम आहे" म्हणून माणसं तशीच उतरवतात. माझ्याकडे काम करणारा कुणीही आधाराशिवाय चरात उतरणार नाही. लोक म्हणोत मग मला हेकट.

आता बाबा, जामिनाचं. तो माझ्या बचावासाठी नाही, घरमालकासाठी आहे. मी काम अर्धवट टाकलं तर जामीन देणारी कंपनी मालकाचं नुकसान ठरलेल्या रकमेपर्यंत भरून देते आणि मग ते पैसे माझ्याकडून वसूल करते. विमा वेगळा. कामामुळे शेजारच्या भिंतीला तडा गेला, कुणाला इजा झाली, तर तो कामाला येतो. मी दोन्ही घेतलेत. कंपनी स्वतंत्र नोंदवली आहे आणि तिचं खातंही वेगळं आहे. तुमच्या घरावर किंवा ठेवींवर कसलाही बोजा नाही आणि कुठल्याच कागदावर तुमची सही लागणार नाही. ही काळजी तुम्ही आजपासून सोडा.

तुम्हाला इतिहासाची आवड म्हणून सांगते. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात, म्हणजे जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वी, घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड होता. त्याचीच चर्चा जास्त होते. मला पटतं ते २३३ वं कलम: भिंत कलायला लागली तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या पैशाने मजबूत करून द्यायची. मीही करारात तसंच लिहिणार आहे. शिवाय सळया, पाइप, वायरी, जे जे झाकलं जाणार त्याचे झाकण्याआधी मोजायची टेप लावून फोटो काढायचे आणि मालकाला द्यायचे. तपासनीस येऊन बघून जाईल ते वेगळंच.

आई, तुझ्यासाठी एक काम आहे. आपल्या जिन्याची प्रत्येक पायरी टेपने मोज आणि उंची लिहून ठेव. दोन-तीन पायऱ्यांतच पायाला उंचीची सवय होते आणि मग एखादी पायरी सेंटिमीटरभर जरी कमी-जास्त असली तरी माणूस अडखळतो. बाबा परवा अडखळले ते गुडघ्यामुळे असं तू म्हणालीस, पण मला आधी पायऱ्या बघायच्या आहेत. बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदीही घे. ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर दार बदलू.

आणि बाथरूममध्ये धरायचा दांडा मी येईपर्यंत कुणाकडूनही बसवून घेऊ नका. नुसत्या टाइलमध्ये प्लॅस्टिकची खुंटी ठोकून बसवलेला दांडा टॉवेलला पुरतो, तोल गेलेल्या माणसाचं वजन पेलत नाही. मागची भिंत भरीव आहे की पोकळ, ते बघून त्याप्रमाणे बोल्ट घ्यावे लागतील. मोजमापं कळवा, म्हणजे मी सामान घेऊनच येते. तोवर आंघोळीला खुर्ची वापरा.

तुमची,
लेक