काठावर कोण असते?

नाशिक, १८ मे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता निघालीस आणि कॅमेरा पाण्यात न्यायच्या पेटीच्या, त्या हाउसिंगच्या, रबरी कड्याला लावायची ग्रीसची ट्यूब टेबलावरच राहिली. त्या रबरी कड्यात एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरते, हे तूच सांगितले होतेस, म्हणून ती या पत्रासोबत कुरिअरने पाठवत आहे. भांडण पुन्हा उकरून काढण्याचा हेतू नाही.

तू पाण्यात असताना काठावर कोण असते, एवढेच मला विचारायचे होते. ते त्या दिवशी भलत्याच शब्दांत बाहेर पडले. अरबी समुद्र त्र्यंबकपासून जेमतेम ८० किलोमीटरवर असूनही आपली गंगा-गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते, तेव्हा नाशिकच्या माणसाने समुद्राच्या नादी लागू नये, असे मी म्हणालो. "शेवटी जाते समुद्रातच ना," असे तू म्हणालीस. त्यावर उत्तर सुचले नाही, म्हणून माझा आवाज चढला. बापूकाकांचे नाव तर मी काढायलाच नको होते.

तू ठेवून गेलेला फोटो मी चार दिवस पाहत आहे. प्रेसमधली बत्तीस वर्षे पोस्टाच्या तिकिटांवरच्या बारीक रेघा तपासण्यात गेली, त्यामुळे भिंग आपोआप हातात आले. लाट वाकून तिची कमान झाली आहे आणि तू कॅमेरा घेऊन त्या कमानीच्या आत आहेस. वरच्या कडेला पाणी इतके पातळ की ऊन त्यातून हिरवे होऊन उतरते, आणि खाली लाटेच्या पोटात तळाची वाळू दोऱ्यासारखी वर ओढली गेली आहे. दादरच्या चौपाटीवरून असा समुद्र मला कधी दिसला नव्हता. खोटे कशाला बोलू, त्या लाटेत हात घालावासा वाटला. मग मात्र ती वाळू डोळ्यांत खुपू लागली. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते, असे वाचले. म्हणजे ती जिथे इतकी देखणी वाकते तिथेच तळ जवळ असतो.

लाटांचे असेच फोटो काढणाऱ्या हवाईच्या क्लार्क लिटलविषयीही वाचले. पत्नीला भिंतीवर लाटेचे चित्र हवे होते, म्हणून तो २००७ साली कॅमेरा घेऊन पाण्यात उतरला. पण त्याआधी कित्येक वर्षे तो काठाशी फुटणाऱ्या त्याच लाटांवर सर्फिंग करत होता, हे विसरू नकोस. आत खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीत सापडलीस तर किनाऱ्याकडे झुंजू नकोस, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पड, दमलीस तर नुसती तरंगत राहा, आणि एकटी मुळीच उतरू नकोस. हे सारे मला तुझ्याकडूनच कळले आणि मी तुलाच शिकवत बसलो आहे. क्षमा कर.

२००८ च्या पुरात तुला खांद्यावर घेऊन मी पुलावर उभा होतो. सगळे लोक पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले ते मोजत होते आणि तू मात्र माझे केस धरून पुन्हा पुन्हा विचारत होतीस, "बाबा, हे कुठे चाललंय?" मी "खाली" एवढेच म्हणालो. तेव्हा नीट सांगायला हवे होते.

१ जूनपासून तिकडच्या मासेमारीच्या यांत्रिक होड्या दोन महिने बंद राहतील, म्हणजे काठावर आहेत तेवढीही माणसे नसतील. पावसाळ्यात उतरू नकोस, असे मी म्हणत नाही. जो कोणी काठावर उभा राहणार असेल त्याचा नंबर आईला पाठव. मी फोन करणार नाही.

फोटो चौकटीला दिला आहे. बैठकीच्या भिंतीवर बापूकाकांच्या फोटोशेजारी जागा आहे, पण आई म्हणते तिथे नको, समोरच्या भिंतीवर लावू. मीही तेच म्हणणार होतो.

तुझे,
बाबा