अण्णा म्हणतात, वारा सुटतोय

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे होते तसेच, माझी शुगर गोळीवर, अण्णांना ऐकू येणं आणखी कमी झालंय. झालं तब्येतीचं. फोन केला असता, पण फोनवर तू दोन मिनिटांत "अरे सोड ते" म्हणतोस, आणि मला हे सोडायचं नाहीये.

आज संध्याकाळी अण्णा पद्मिनीत बसले होते. मी सेल्फ मारला, गाडी लागली. जेवायला चला म्हणून ज्यांच्या कानाशी जाऊन ओरडावं लागतं, त्या माणसानं डॅशबोर्डवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "दिगू, कुठंतरी वारा सुटतोय."

आता तूच सांग, ह्याचा अर्थ तुझ्याशिवाय कुणाला कळणार? बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मग बसेल, सायलेन्सर नवीन आहे." तिनं फोंडा घाटाची ती रात्र बघितलेली नाही. किलोमीटरच्या काट्याची केबल काढण्याइतकी अक्कल आपण दाखवली होती, गाडी धुऊन पुसून जागेवर लावली होती, पेट्रोलसुद्धा मापात भरलं होतं. आणि सकाळी अण्णांनी नुसतं इंजिन सुरू केलं आणि विचारलं, "घाट कुणी चढवला?" त्या दिवशी तू माझं नाव घेतलंस. मी अजून विसरलेलो नाही, पण ते नंतर.

मूळ गोष्ट अशी की सायलेन्सर मी स्वतः केलाय. पूर्ण पाईप, इंजिनाकडच्या मॅनिफोल्डच्या फ्लँजपासून, म्हणजे बोल्टनं आवळायच्या चकतीपासून, शेपटापर्यंत. हसून घे. २०१९ च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात उभी होती हे तुला माहीत आहे. इंजिन खोललं, वायरिंग बदललं, पण जुना सायलेन्सर आतून असा सडला होता की हातोडीनं ठोकलं तर नुसता गंज गळायचा. तयार माल मिळतच नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हापासून तिकडच्या दुकानदारांनीही ह्या मालाचा नाद सोडलाय. उद्यमनगरात विचारलं तर एकानं मारुतीचा बसवून देतो म्हणून सांगितलं. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा चहा न पिता गेला. मिस्त्री असते तर प्रश्नच नव्हता. पाईपात सुकी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, गॅसवर लाल करून हातानं वाकवायचा, एक सुरकुती नाही. वाळू ओली राहिली तर वाफ धरून पाईप फुटतो म्हणून आधी कढईत भाजून घ्यायचे, आठवतं? आता त्यांचा पोरगा सीएनसी बघतो, त्याला वाळू म्हटलं तर बांधकाम आठवतं.

म्हणून मी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं. सीओटू गॅसवालं घ्यायला हवं होतं हे तू आता म्हणणार, मला माहीत आहे. पण सिलिंडर, रेग्युलेटर, वायरचं बंडल, एवढा पसारा एका पाईपसाठी कोण करतो? अडीच मिलिमीटरच्या वेल्डिंग रॉडवर भागवलं. पाईप दीड इंची, सोळा गेज, काळा. दुकानदार जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, देत होता, स्वस्त पडेल, गंजणार नाही म्हणून. मी म्हटलं, नको बाबा. हॉस्टेलचं गेट, तो पांढरा धूर आणि रात्री चादरीत कुडकुडणारा तू, एवढं मला पुरेसं आहे. मेसच्या काकांनी तुला लिटरभर दूध पाजलं होतं आणि सकाळी ताप उतरला तेव्हा श्रेय दुधानं घेतलं. जस्ताच्या धुराचा ताप एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो, हे मी तेव्हाही सांगत होतो. माझं कोण ऐकतो.

सोळा गेज म्हणजे जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर पत्रा. सत्तर अँपिअरला भोक पडतं, पन्नासला रॉड चिकटून बसते. मधल्या चिंचोळ्या पट्टीत काम करायचं, तेही रेघ ओढत नाही. एक टाका मारायचा, उचलायचं, लाली उतरू द्यायची, पुढचा टाका. तू हे मला आयटीआयच्या शेडमध्ये सांगितलं होतंस तेव्हा मी थिअरीचा माणूस होतो, हसलो होतो. दहा नंबरच्या काळ्या काचेतून पहिल्यांदा मला नुसता उजेड दिसला. मग हळूहळू त्या उजेडात दोन गोष्टी वेगळ्या झाल्या: पुढं लकाकणारं पातळ लोखंड आणि त्याच्या मागून सरकत येणारी जाडसर साय, रॉडच्या लेपाची राख. साय पुढं पळाली की समजायचं, आता खाली लोखंड नाही, नुसती राख भरतेय. टाका बरा पडला की गार होताना ती खपली स्वतःच टिक् करून उडते, एकदा माझ्या शर्टाच्या खिशात जाऊन पडली. खिशात मोबाईलच्या रिचार्जची पावती होती, ती जळली. पण ती टिक् ऐकल्यावर काय वाटतं हे तुला सांगायला नको.

पावसाळ्यात रॉड दमट. मी त्या तव्यावर शेकल्या. घरात त्यावरून जे रामायण झालं ते लिहीत नाही. नवीन तवा आणलाय, जुना आता वेल्डिंगचा.

मागच्या अ‍ॅक्सलवरून पाईप न्यायचा म्हणजे वळण हवं, आणि वाळू-गॅस माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून पाचरी कापल्या. नव्वद अंशांचं वळण सहा सांध्यांत, प्रत्येक सांध्याला पंधरा, म्हणजे प्रत्येक तोंड साडेसात अंशांनी तिरकं. कागद पाईपाला गुंडाळून खुणा केल्या, ग्राइंडरनं कापलं, कानशीनं घासून तोंडं जुळवली. हा भाग मला आवडला, ह्यात गणित होतं. ते वळण तू बघितलंस तर शिव्या देणार नाहीस. थोड्या देशील.

आता मुद्द्यावर येतो. वळणाची मला काळजी नाही, ते मागे आहे, फुटलं तरी आवाज होईल एवढंच. काळजी आहे पुढच्या सांध्याची. इंजिनाकडून खाली येणारा डाउनपाईप जिथं आडव्या पाईपाला मिळतो, बरोबर ड्रायव्हरशेजारच्या पायांखाली. तो सांधा जागेवर धरूनच टाचावा लागला, नाहीतर माप जुळत नव्हतं. बॅटरीची वायर काढली, गाडीखाली घुसलो, खालून आणि बाजूंनी टाके मारले. वरची बाजू पत्र्याला एवढी चिकटून आहे की रॉडचा होल्डर जातच नाही. मग काढून टेबलावर घेतला आणि वरची बाजू भरली. भरताना सांधा ओढला गेला. समोरासमोर टाके मारत गेलो तरी बोटभर वाकडा झालाच. बसवताना जॅकनं उचलून बोल्ट घ्यावे लागले, म्हणजे तो पाईप आता कायम ताणात आहे. गार झालेला, ताणात असलेला, नवशिक्यानं भरलेला सांधा. तुझ्या भाषेत ह्याला काय म्हणतात ते पत्रात लिहू नकोस, पत्र पोरं वाचतात.

चाचणी केली. शेपटाला घरातल्या व्हॅक्यूमची उलटी नळी चिंध्यांनी बांधली आणि साबणाचं पाणी ब्रशनं सगळ्या सांध्यांना फासलं. वळणाला एक बुडबुडा नाही. ह्या सांध्यावर, वरच्या बाजूला, आरशात बघितलं तर एक बुडबुडा आला. हळूच मोठा झाला, फुटला. पुन्हा फासलं तर आला नाही. इंजिन तापवून बघितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी गार असताना पुन्हा एक. ते सोपं आहे: दोन मीटर पाईप तीनशे अंशांनी तापला की सातेक मिलिमीटर लांबतो, त्या दाबानं चीर मिटत असेल. हँगर मी जुन्या टायरच्या पट्ट्यांचे केलेत, त्यांना हलायला जागा आहे. पण लांबणारा पाईप रोज त्याच एका जागी दाबणार आणि रोज गार होताना उघडणार. किती दिवस?

आणि अण्णांनी आज जे ऐकलं, किंवा तळव्याला जे कळलं, ते गार इंजिनवर होतं. पाच मिनिटांनी मी विचारलं, "अजून सुटतोय का?" तर म्हणाले, "आता नाही." बुडबुड्याचंही हेच म्हणणं आहे.

तू म्हणशील, एवढंसं भोक, त्यात काय. तळाचा पत्रा पुरानं खाल्लाय, बंड्या. दोन ठिकाणी मी तुकडे लावलेत, बाकी मॅटखाली काय आहे ते मी उचलून बघत नाही. जुना कार्बोरेटर, धूर साफ करणारं कॅटॅलिटिक वगैरे काही नाही, पीयूसीला ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि अण्णांचा नवा नाद असा की रोज संध्याकाळी शेडमध्ये गाडी चालू करून अर्धा तास बसायचं. पाऊस आत येतो म्हणून शटर अर्धं ओढायला सांगतात. त्यावर मी ऐकलेलं नाही, शटर उघडंच राहतं, मी समोर स्टूल टाकून बसतो. भिजतो. हा वाद पाईप चांगला असला तरी झालाच असता, शेपटातून निघणारा धूरही धूरच. पण तेवढंच नाही. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, आणि नुसत्या आयडलिंगला पाईप इतका तापत नाही की ते सगळं उडून जाईल. म्हणजे अण्णा रोज बसून माझा पाईप आतून सडवतायत. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी मी बारीक भोक पाडलंय पाणी ठिबकायला. त्या भोकातून थेंब पडला की अण्णा म्हणतात, गळतंय. ते मात्र त्यांना दिसतं.

त्यांना सांगता का येत नाही, हेही तुलाच कळेल. ज्या माणसानं बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघून ही गाडी घेतली आणि आपल्याला बॉनेटला हात लावू दिला नाही, तो आता रोज विचारतो, "पन्हाळ्याला कधी जायचं?" वीसेक किलोमीटर. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ आणि मग चढ. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये हे इंजिन ओरडणार, १०८९ सीसी आणि त्यात आम्ही चौघं. उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि पाईपाला चीर असली तर हवा आत ओढून फट् फट् करणार. पोलीस हल्ली फटाके मारणाऱ्या बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, पद्मिनीवर दया दाखवतील का ठाऊक नाही. आणि अण्णा बसणार कुठं? पुढं, शेजारी. त्याच सांध्यावर पाय ठेवून.

आता मला तीन रस्ते दिसतात आणि तिन्हीवर तू भांडणार. एक, आहे त्यावरच वरून आणखी टाके भरायचे. मला हा पटत नाही, चिरेवर लोखंडाचा ढीग केला म्हणून चीर जात नाही, आणि आणखी ओढला जाईल. दोन, सांधा ग्राइंडरनं मोकळा करून उद्यमनगरात सीओटूवाल्याकडे द्यायचा, पण तो टेबलावर भरून देणार, जागेवर पुन्हा बोटभर चुकणार. तीन, तिथं सांधाच ठेवायचा नाही: दोन फ्लँज, मध्ये गॅस्केट, तीन बोल्ट, म्हणजे ताण बोल्ट ढिले करून काढता येईल. मला तिसरा आवडतो. पण मला नेहमीच तो रस्ता आवडतो ज्यात वेल्डिंग कमी आणि नट-बोल्ट जास्त, असं तू एकदा चारचौघांत म्हणाला होतास. तेव्हा मी तुझ्याशी महिनाभर बोललो नव्हतो. ते तू गुजरातेत हजिऱ्याला निघालास तेव्हाचं. मी म्हटलं होतं, परमुलखात जाऊन पाईपच जोडणार ना, ते इथंही आहेत. तू म्हणालास, इथं पाईपाला कुणी एक्स-रे काढत नाही.

ते डोक्यात बसलंय. तुमच्याकडे सांधा झाला की फिल्म काढतात, दिव्यासमोर धरून कुठं बुडबुडा राहिला, कुठं आत भरलंच नाही ते बघतात. तू वेल्डरांची सिक्स-जीची परीक्षा दिलीस, पाईप पंचेचाळीस अंशांत तिरपा, हलवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती वाकायचं. माझ्याकडे आरसा, साबण आणि अण्णांचा तळवा. आणि खरं सांगू, तिघांत मी अण्णांवर जास्त विश्वास ठेवतोय, हीच गोची आहे. साबणानं "नाही" म्हटलं आणि त्यांनी "हो" म्हटलं तर मी पुन्हा गाडीखाली जाणार.

बरं, तुझं काय? पोरीची बारावी झाली ना, मार्क कळव. वहिनींची शाळा तिकडे जमली का? घराचा हप्ता, बॉसची कटकट, सगळं सविस्तर लिही, मी वाचीन. गणपतीला येणार म्हणालास, येच. तिकीट आत्ताच काढ, नाहीतर ऐनवेळी ट्रॅव्हल्सवाल्यांशी भांडत बसशील.

सांध्याचे फोटो ह्याच्यासोबत पाठवतोय, वरच्या बाजूचा आरशात काढलाय म्हणून उलटा आहे. उजवीकडे दिसतंय ते डावीकडे समज. तिथला तो फुगीर टाका बघ, त्याच्या कडेला काळी रेघ आहे ती खपली आहे की चीर, एवढं मला सांग. फ्लँज करायची तर सहा मिलिमीटरची पट्टी चालेल का आठची घेऊ, तेही. पन्हाळ्याला दसऱ्यानंतर जाऊ, असं मी अण्णांना सांगितलंय. ते म्हणाले, "बंडूला विचारून सांगतोस की तूच ठरवलंस?"

तुझाच,
दिग्या

ता. क. घाटाच्या रात्री गाडी चालवत तू होतास. हे मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही. उत्तर लवकर पाठव.