सेंट क्रॉसच्या धुराड्यांवरचा व्हॅट : ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री, ब्रिटिश सरकार, यांस,

रडल्याशिवाय आईही पाजत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या सेंट क्रॉस हॉस्पिटलमध्येही तसंच आहे. दारावरच्या पहारेकऱ्याकडे मागितलं, तरच वाटसरूचा वाटा मिळतो: पावाचा तुकडा आणि शिंगाच्या पेल्यात दोन घोट बिअर. मी मागितला. पेला इतका लहान की पळीभर तीर्थच वाटावं.

नावात हॉस्पिटल असलं तरी हा दवाखाना नव्हे, गरजूंना राहायला दिलेली धर्मादाय घरं आहेत. धर्मशाळा म्हणावं, तर तिथला मुक्काम चार दिवसांचा, इथला मरेपर्यंतचा. स्टीफन राजाचा भाऊ, बिशप हेन्री ऑफ ब्लॉइस, याने ११३० च्या दशकात तेरा निराधार पुरुषांसाठी ही जागा उभारली. शिवाय रोज शंभर गरिबांना जेवण. पुढे पंधराव्या शतकात कार्डिनल बोफोर्टने दुसरी शाखा काढली, पडत्या काळात सापडलेल्या घरंदाजांसाठी. आजही रहिवाशांच्या अंगावरचे काळे झगे ब्लॉइसच्या शाखेचे, लाल बोफोर्टच्या.

चर्चच्या पूर्व टोकाला जाऊन वर बघा. गोल कमानी एकमेकींत गुंफल्यात आणि त्या जिथे छेदतात तिथे टोकदार कमान आपसूक उमटते. बांधकाम शतकभराहून जास्त चाललं. पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत गेलं की गोल कमानींच्या नॉर्मन काळातून टोकदार कमानींच्या गॉथिक काळात आल्यासारखं वाटतं. पण माझा जीव अडकतो तो बाहेरच्या रांगेत. बोफोर्टच्या काळातली घरं, उतरतं लांब छप्पर आणि त्यातून वर गेलेली उंचच उंच धुराडी. खाली माणसं अजून राहतात.

पत्राचं कारण ही धुराडीच. तुमच्या नियमानुसार नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य, जुन्याची दुरुस्ती केली तर २० टक्के. चुन्याने फटी भरायच्या, परांची बांधायची, त्यावर कर. आणि अशा संस्थांना तो सहसा परतही मिळत नाही. रहिवासी भाडेकरू नसतात, देखभालीपुरती वर्गणी देतात. मग हा पाचवा हिस्सा आणायचा कुठून? देशात अशा सुमारे १६०० संस्था आहेत, ३६ हजारांच्या आसपास माणसं त्यांत राहतात.

करसवलत दिली की कुणीतरी मलिदा खाणार, ही शंका रास्त आहे. इथेच एकोणिसाव्या शतकात एका बिशप बापाने आपल्या मुलाला प्रमुख नेमलं होतं. तो मुलगा पुढे अर्ल ऑफ गिल्फर्ड झाला, संस्थेचं उत्पन्न खात राहिला आणि १८५३ मध्ये कोर्टाने निकाल विरुद्ध दिला. तेव्हा हिशेब कडक तपासा, बिलं मागा, हवं तर अर्धवट कामाची रक्कम अडवा. पण लोक राहत असलेल्या जुन्या धर्मादाय घरांच्या दुरुस्तीवरचा व्हॅट येत्या अर्थसंकल्पात शून्यावर आणा.

आपला,
हँपशरमधला एक मराठी करदाता