मुलाकडचे मॉर्मन आहेत. आधी देवाविषयी बोला

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ख्रिस्ती समाजावर आलेला लेख वाचला. मिरज-सांगलीच्या जुन्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, कुणी दखल घेतली याचा आनंद झाला. पण लेखात ‘कॅथलिक, प्रोटेस्टंट, मॉर्मन वगैरे पंथ’ असं एका दमात लिहून टाकलं आहे. नेमका हाच विषय सध्या आमच्या घरात चालू आहे, म्हणून लिहिते.

आमच्या नात्यातल्या एका मुलीला बंगळुरूचं स्थळ आलं आहे. मुलगा मॉर्मन घरातला. इंजिनिअर, निर्व्यसनी, इतका की चहा-कॉफीसुद्धा घेत नाही. उत्पन्नाचा दशांश न चुकता देतो, दोन वर्षं घरदार सोडून धर्मसेवा करून आला आहे. त्यांच्या मंडळीच्या नावातच येशू ख्रिस्त आहे, अजून काय पाहिजे, असं मुलीच्या वडिलांचं म्हणणं. मी बरीच वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचे रविवारचे बायबलचे वर्ग, घेतले, म्हणून मुलीच्या आईने मला विचारलं, “मावशी, मग फरक तो काय?”

फरक देवाविषयी आहे, आणि तो मोठा आहे.

आम्हा ख्रिस्ती लोकांत मतभेद कमी नाहीत. तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी पाण्यात बुडवून, मंडळीवर बिशप असावा की निवडलेल्या ज्येष्ठांची सभा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. तरी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक झाल्या. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट असे निरनिराळ्या वळणाचे लोक एका उपासनेत बसू शकले, कारण एकच मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचं कबुलीपत्र, सगळ्यांना मान्य होता. इ. स. ३२५ मध्ये नायसिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, भरलेल्या परिषदेत तो आकाराला आला. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, असं एरियस नावाचा पाळक शिकवत होता. परिषदेने ते नाकारलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. या गोष्टीला २०२५ साली १७०० वर्षं झाली. कॅथलिक आणि आम्ही प्रोटेस्टंट कितीही वेगळे असलो, तरी ही कबुली दोघांची आहे.

मॉर्मन मंडळी ती मान्य करत नाही. त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ. १८२० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावाजवळच्या राईत, चौदा वर्षांचा असताना, पिता आणि पुत्र असे दोन वेगळे पुरुष आपल्यासमोर उभे राहिले, असं त्याने सांगितलं. १८३० मध्ये मॉर्मनचा ग्रंथ निघाला आणि मंडळी स्थापन झाली. पुढे १८४३ मध्ये त्याने शिकवलं, की पित्याला माणसासारखंच मांसाचं आणि हाडांचं शरीर आहे, पुत्रालाही आहे, पवित्र आत्म्याला मात्र नाही. हे वचन त्यांच्या शास्त्रात आहे. १८४४ च्या एप्रिलमध्ये, मारला जाण्यापूर्वी अडीच-तीन महिने, इलिनॉयमधल्या नाव्हू गावी दिलेल्या प्रवचनात तो आणखी पुढे गेला: देव एके काळी आपल्यासारखा होता आणि आता तो उन्नत झालेला मनुष्य आहे. हे प्रवचन त्यांच्या शास्त्रग्रंथांत घेतलेलं नाही, आणि पित्याच्या त्या पूर्वकाळाविषयी आज त्यांचे पुढारी फारसं बोलत नाहीत, हेही सांगायला हवं. पण माणसाने वाढत वाढत पित्यासारखं व्हायचं, ही शिकवण आजही त्यांच्या विश्वासाच्या मध्यभागी आहे.

मुलीच्या वडिलांनी मॉर्मनचा ग्रंथ चाळला आणि म्हणाले, “यात वेगळं काहीच नाही.” खरं आहे. त्या ग्रंथात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एक देव आहेत, असंच लिहिलेलं सापडतं. पित्याच्या शरीराची शिकवण नंतरची आहे आणि ती दुसऱ्या ग्रंथात आहे. शिवाय ‘एक’ म्हणजे इच्छेने आणि हेतूने एक, असा अर्थ ते लावतात.

मुलगा फोनवर फार चांगलं बोलला. त्याने विचारलं, “आंटी, गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना कुणाला करत होता? स्वतःलाच?” प्रश्न रास्त आहे. पण पिता आणि पुत्र एकच व्यक्ती आहे असं मंडळीने कधीच म्हटलेलं नाही. तसं शिकवणाऱ्यांना तिने सुरुवातीच्या शतकांतच चुकीचं ठरवलं. व्यक्ती तीन, तत्त्व एक. आमच्या शब्बाथ शाळांतून पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला सर्रास देतात. तो बंद करावा अशी माझी सर्व शिक्षकांना विनंती आहे. एकच पाणी तीन रूपं घेतं, असं त्यातून मुलांच्या मनात बसतं, आणि मग अशा साध्या प्रश्नापुढे ती निरुत्तर होतात.

शेजारच्या वहिनी वारकरी घरातल्या. त्या म्हणाल्या, “देवाला शरीर असलं तर बिघडलं कुठं? आमचा विठोबा सगुणच की.” मी त्यांना सांगितलं, शरीराचं आम्हाला वावडं नाही. पुत्राने बेथलेहेमात देह घेतला, यावर तर आमचा सगळा विश्वास उभा आहे. पण तुमच्याकडेही निर्गुण तेच सगुण झालं म्हणतात. माणूस चढत चढत विठोबा झाला, असं कुणी म्हणत नाही. वहिनींना ते लगेच पटलं.

आम्ही मानतो की देवाने सारं शून्यातून निर्माण केलं. तो एकटाच अनादि. बाकी सगळं, आपल्या आत्म्यासकट, त्याने केलेलं. मॉर्मन शिकवणीत मूळ द्रव्य अनादि आहे आणि माणसातलं चैतन्यही निर्माण झालेलं नाही. देवाने असलेल्याला घडवलं. देव आणि आपण एकाच जातीचे, तो पुढे गेलेला आणि आपण मागे. यात ओढ आहे, मी नाकारत नाही. देव खरोखरचा बाप, स्वर्गात आईसुद्धा, आणि कुटुंब मरणानंतरही टिकणारं. तरुणांना हे जवळचं वाटतं. पण यजमान गेले तेव्हा मिरजेच्या दफनभूमीत पाळकसाहेबांनी नव्वदावं स्तोत्र वाचलं: पर्वत उत्पन्न होण्यापूर्वी, अनादि काळापासून तूच देव आहेस. त्या दिवशी मी ज्याला धरून उभी राहिले, तो कधी काळी दुसरं काही होता आणि मग देव झाला, असं मला मानता येणार नाही. जो कधीच बदलला नाही त्याच्याच हाती मी माझं माणूस सोपवलं.

त्यांना आम्ही हिणवतो असं कुणी समजू नये. न मानणं दोन्हीकडून आहे. प्रेषितांनंतर, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनंतर, खरा अधिकार पृथ्वीवरून गेला आणि तो जोसेफ स्मिथकडे परत आला, असं ते मानतात. म्हणून आमच्यातलं कुणी तिकडे गेलं की त्याला पुन्हा बाप्तिस्मा देतात. रोमन कॅथलिक मंडळी आमचा बाप्तिस्मा मानते, पण मॉर्मन बाप्तिस्मा वैध नाही असं व्हॅटिकनने २००१ साली जाहीर केलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे शब्द तिथेही उच्चारतात, तरीही.

लग्न करणाऱ्यांनी आणखी एक जाणून घ्यावं. त्यांच्या मंदिरातला विवाहविधी मंदिरप्रवेशाची परवानगी असलेल्या सभासदांनाच पाहता येतो. मुलीचे आईबाप बाहेर थांबणार. बंगळुरूच्या मंदिराची घोषणा २०१८ मध्येच झाली आहे, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडच्या घरांतही येणार.

लग्न करू नका असं मी म्हटलेलं नाही. मुलगी सज्ञान आहे. मुलगा पुढच्या महिन्यात येतोय, तेव्हा पगार आणि फ्लॅट यांच्या आधी दोघांनी बसून हे बोलावं, एवढं मी तिच्या आईला सांगितलं आहे.

आपल्यालाही एक विनंती. पुरवणीत हा विषय पुन्हा घेतलात, तर त्यांच्यातल्याच एखाद्या जाणकाराला लिहायला सांगा आणि शेजारी आमच्या एखाद्या पाळकांचा लेख छापा. दोघांना एकच प्रश्न द्या: पिता कोण आहे?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज (जि. सांगली)